उलट्या हाताची काठी

आमच्या काळाचौकीला थंडी अशी फार नसतेच. डिसेंबर संपता संपता आठ-दहा दिवस पहाटेचं शिवडीकडून जरा गार वारं सुटतं. तेवढ्यावर चाळीतली माणसं माकडटोप्या काढतात, नाक्यावरचा चहावाला हात चोळायला लागतो, आणि जो तो तोंडातून वाफ निघते का ते हा-हा करून बघतो. निघत नाही. तरी एकमेकांना सांगतात, आज पडलीय हां. मी स्वेटर घालत नाही. सत्तरी उलटली तरी घातलेला नाही. गंजीवर पटांगणात उतरतो आणि काठी घेतो. पण अलीकडे अशी हवा सुटली की माझा उजवा अंगठा ठणकायला लागतो आणि मला ती दुसरी थंडी आठवते. त्या थंडीत वाफ खरोखर निघत होती. माझ्या तोंडातून निघत होती, माझ्या रूपाच्या तोंडातून निघत होती, आणि समोरासमोर उभं राहून आम्ही दोघं जे बोलत नव्हतो ते त्या वाफेत नुसतं तरंगत होतं.

रूपा माझी मुलगी. एकुलती एक. ती चीनमध्ये इंग्रजी शिकवायला निघाली तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, "अगं, तिकडे इंग्रज आहेत कुठे?"

"इकडे तरी कुठे आहेत, बाबा? दादरला क्लास भरतातच ना."

मग बॅग भरता भरता म्हणाली, "वर्ग दुपारचे असतात. सकाळी मी काठी शिकणार आहे. त्यांची."

'त्यांची' म्हणताना ती क्षणभर थांबली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. न ऐकायला कारण होतं.

आमच्या चाळीच्या पुढ्यात पटांगण आहे आणि त्याला लागून व्यायामशाळा. मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागलो तेव्हापासून तिथे पोरांना काठी शिकवतो. संप झाला, गिरणी गेली, शिवडीला एका गोदामावर वॉचमन झालो, तरी संध्याकाळचे दोन तास सोडले नाहीत. शाळा माझी चौथीपर्यंत. पण पटांगणात मला वस्ताद म्हणतात, कॉलेजात जाणारी पोरं मान खाली घालून उभी राहतात, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

रूपा दहा वर्षांची असताना एका संध्याकाळी व्यायामशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. वेण्या डोक्यावर घट्ट बांधलेल्या, अंगात शाळेचे पीटीचे कपडे. म्हणाली, "बाबा, मला पण."

मी पोरांच्या देखत म्हणालो, "घरी जा. आईला कपड्यांच्या घड्या करू लाग."

पोरं हसली. ती रडली नाही. आत येणारी पोरं करतात तसा तिने उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि आत न येताच गेली. त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. शाळेच्या सहलीचंसुद्धा आईकडून विचारायची. बारावी, कॉलेज, बी.ए., नोकरी, सगळं मला आईकडून कळलं.

मी बरोबर केलं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग कधीतरी वाटेनासं झालं. पण ते बोलायचं कसं? माझ्यासारख्याला चुकलं म्हणायची सवय नसते, आणि साठीनंतर ती सवय तोंडात बसत नाही, कवळीसारखी टोचत राहते.

रूपाने तिकडे दोन दिवाळ्या काढल्या. तिसऱ्या दिवाळीनंतर आमची ही म्हणाली, "माझो गुडघो काय त्या इमानाचे जिने चढाचो नाय. तुमी जावा. चेडू थंय कसा रवता ता डोळ्यांनी बघून येवा."

मी म्हटलं, "मला त्यांची भाषा येत नाही."

"घरात तरी तुमी खंय बोलतास?"

गेलो.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मला ते नीट म्हणता येत नाही, आणि चुकीचं लिहून कोणाच्या गावाचा अपमान करायचा नाही. नदीकाठचं गाव. नदी इतकी रुंद की पलीकडची माणसं दिसत नसत, नुसते दिवे दिसत. रूपाची खोली सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी न थांबता चढायचो आणि वर जाऊन तिला दिसणार नाही असा दम घ्यायचो. तिकडची माणसं बारा महिने गरम पाणी पितात. जेवताना गरम, बाजारात गरम, शाळेतल्या पोरांच्या गळ्यात गरम पाण्याची बाटली. मला ते एकदम पटलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या पिंपात रताळी भाजत असत. त्याचा वास सगळ्या गल्लीत पसरायचा आणि मला उगाच एकादशी असल्यासारखं वाटायचं. एका बाजारात सुक्या मिरच्यांचे ढीग लावलेले. आम्ही दोघं तिथून जाताना एकाच वेळी शिंकलो आणि एकाच वेळी म्हणालो, "लालबाग." आमच्या मसाल्याच्या मिरच्या तिथल्याच बाजारातून येतात. मग दोघंही भराभर पुढे चालायला लागलो, कोणाचं तरी गुपित फुटल्यासारखे. पहिल्या आठवड्यात आम्ही एकत्र काही केलं असेल तर ते एवढंच.

पहाटे ती काठी घेऊन बागेत जायची. मी जात नसे. म्हटलं, दुसऱ्याच्या आखाड्यात मी पाहुणा म्हणून उभा राहत नाही. तीही आग्रह करत नसे. पण दुपारी एकटं बसवेना, म्हणून मी तिच्या वर्गाला जायला लागलो.

वर्ग एका बाजाराच्या वर भरायचा. आठ-नऊ वर्षांची वीसेक पोरं. मी शेवटच्या बाकावर. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागायचे. पोरं मला 'येये' म्हणायची, म्हणजे आजोबा. पहिल्या दिवशी मी नुसता बसलो. दुसऱ्या दिवशी रूपाने माझ्यापुढे वही-पेन्सिल ठेवली. घरात ती 'बाबा, जेवायला या' एवढंच बोलायची. वर्गात तिचा आवाज असा खणखणीत लागायचा की शेवटच्या बाकावर माझं पाठीचं हाड सरळ व्हायचं. पोराच्या हातून चूक झाली की ती ओरडत नसे. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि त्याच्याच तोंडून बरोबर वाक्य निघेपर्यंत वाट बघायची. मी पटांगणात कधी वाट बघितलेली नाही. माझ्याकडे चुकलं की पोटरीवर काठी बसते.

इंग्रजी शब्द मला येत होते, ते गिरणीतले. शिफ्ट, बॉबिन, जॉबर, सायरन. त्यांची वाक्यं करता येत नव्हती. एक दिवस तिने प्रत्येकाला उभं करून विचारायला सुरुवात केली, घरातलं माणूस काय काम करतं. माझी पाळी आली.

"स्टँड अप, प्लीज. व्हॉट डू यू डू?"

मी उभा राहिलो. "आय टीच काठी."

"हूम डू यू टीच?"

"बॉइज."

"ओन्ली बॉइज?"

तिने मुद्दाम विचारलं असं मी म्हणणार नाही. प्रश्नाला जोडून पुढचा प्रश्न विचारायचा, ही तिची पद्धतच होती. सगळ्यांना विचारत होती. पण मला 'यस' म्हणता येईना. वीस पोरं माना वळवून आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. शेजारच्या चष्मेवाल्या मुलीला वाटलं मला शब्द आठवत नाही, तिने हळूच 'यस' म्हणून सांगितलंसुद्धा. रूपा वाट बघत उभी. मग म्हणाली, "सिट डाउन, प्लीज."

दोन दिवस मी वर्गाला गेलो नाही. खोलीत बसून गरम पाणी पीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर उशीर झालेला. तिच्या वर्गाचा नियम असा की उशिरा आलेल्याने दारात उभं राहायचं, विचारायचं, आणि टीचरने हो म्हटल्यावर आत यायचं. रूपा पांढऱ्या फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. पोरांनी मला बघितलं. मी उभा राहिलो. विचारीन कसला, पोटच्या पोरीला, आत येऊ का म्हणून? पाच मिनिटं गेली असतील. फार झाली ती पाच मिनिटं. दारात उभं असलं ना, की आतली माणसं फार आतली वाटतात. मला तिच्या डोक्यावर घट्ट बांधलेल्या वेण्या आठवल्या. ती किती वेळ उभी होती तेव्हा? मी तिच्याकडे बघितलं त्याच्या आधीपासून ती उभी असणार. कधीपासून, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

"मे आय कम इन, टीचर?"

ती वळली. दुसऱ्या कुठल्याही पोराला म्हणते तसंच म्हणाली, "यस, कम इन." जास्त नाही, कमी नाही.

मी आत गेलो. जाताना वाकलो. तिकडच्या दारांना उंबरा नसतो, म्हणून फरशीलाच हात लावला आणि कपाळाला लावला. पोरांना वाटलं आजोबांचं काहीतरी खाली पडलं, दोघं-तिघं शोधायला धावली. रूपा बघत होती. तिच्या हातातलं पेन फळ्यावर टेकलेलंच राहिलं होतं, तिथे निळा ठिपका मोठा होत गेला.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्या बागेत येतो."

ती म्हणाली, "कानटोपी घाला."

"मला लागत नाही."

सकाळी घातली.

त्या बागेत म्हाताऱ्यांचंच राज्य. कोणी स्वतःच्या दंडावर चापट्या मारतंय, कोणी झाडाला पाठ घासतंय, कोणी उलटं चालतंय. खरोखर उलटं, पाठ पुढे आणि तोंड मागे. रूपा म्हणाली, गुडघ्यांना बरं असतं. मी म्हटलं, आपटत नाहीत का? म्हणाली, वर्षानुवर्षं चालतायत, पाठीला डोळे आलेत त्यांच्या.

तिचा मास्तर माझ्याच वयाचा. ती त्याला शिफू म्हणायची, मी मास्तर. काटक माणूस, कापसाचा जाड कोट, गळ्याशी तुटलेलं बटण. तो एक कान पुढे करून ऐकायचा आणि बोलायचा ते ओरडून. मला ती मान वळवायची लकब ओळखीची वाटली. साच्यांच्या खडखडाटात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांचे कान असेच होतात, माझेही आहेत. मी आवाज न करता नुसते हात हलवले, मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे जातो तसे. तो बघतच राहिला. मग त्याने तसेच हात हलवले आणि दोन्ही कान झाकून मान डोलावली. त्याने कापड विणलं होतं, मी कापड विणलं होतं. गिरणीत आम्ही ओठ बघून आणि हातांनी बोलायचो, त्याच बोलीत पुढे दोन महिने आमचं चाललं. त्याला भाषा लागत नाही.

मग रूपाने काठी घेतली.

मी तिच्या हातात काठी कधी बघितलेली नव्हती. लग्नाकार्यात, गणपतीत, सगळीकडे बघितली, पण काठी घेतलेली कधी नाही. त्यांची काठी पांढरी, बुंध्याला जाड, शेंड्याला बारीक, लवणारी. पाय मोकळे करायला म्हणून तिने सुरुवातीला चार हात केले. ते मास्तरचे नव्हते. ती आमची सलामी होती. आमचा पहिला पवित्रा, आमची फेक. पण उलटी. जिथे माझा उजवा पाय पडतो तिथे तिचा डावा. मी आरशासमोर उभा आहे आणि आरशात माझी मुलगी आहे, असं काहीतरी वाटलं.

आणि अंगठा. माझा उजवा अंगठा गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडला, वरचं पेर गेलं. त्यामुळे मी काठीला मुठीचा वेढा घालत नाही. अंगठा काठीच्या अंगावर सरळ टेकवतो. पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, माझ्या अंगठ्याकडे बघू नका, तुम्ही नीट मूठ बांधा. रूपाच्या डाव्या हाताचा अंगठा काठीवर सरळ पडलेला होता. धडधाकट, पूर्ण अंगठा.

मास्तर पुढे झाला, तिच्या अंगठ्यावर टिचकी मारली, तो वळवून काठीभोवती बसवला. दोन फेऱ्यांत अंगठा पुन्हा सरळ. मास्तरने माझ्याकडे बघून दोन्ही हात आभाळाकडे नेले, हे दीड वर्ष चाललंय म्हणून. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं. त्याने तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, थोटक्या पेरावरून बोट फिरवलं. मग रूपाकडे बघितलं. त्या दिवशी त्याने तिच्या अंगठ्याला पुन्हा हात लावला नाही.

परतताना तिने पिंपातलं एक रताळं घेतलं. आम्ही नदीच्या कठड्याशी उभे राहिलो.

"कुठून शिकलीस?"

"तिसऱ्या मजल्यावरून."

आमच्या गॅलरीतून पटांगण दिसतं, ते मला ठाऊक आहे. पण त्या गॅलरीतून खाली कोण बघतं, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"काठी कुठली?"

"कपडे वाळत घालायची. तुमचे दोन तास संपेपर्यंत आई धुणं पिळून बादलीत तसंच ठेवायची. म्हणायची, काठी चेडवाकडे आसा, मगे घालतंय."

"म्हणजे हिला ठाऊक होतं."

"आईला काय ठाऊक नसतं?"

"मग उलटं का आलं?"

"समोरून बघितलं ना. तुमचा उजवा तो माझा डावा."

मी वस्तादासारखा बोललो. तेवढंच येतं मला. म्हटलं, "पोरं तुझ्याकडे पाठ करून उभी असायची. त्यांच्याकडे बघितलं असतंस तर सरळ आलं असतं."

तिने रताळं मोडलं. मोठा तुकडा मला दिला.

"पोरांकडे कोण बघत होतं, बाबा."

खालच्या पोरांचे हात मी धरून सरळ केले. शेकडो पोरांचे केले असतील. वर एकटीचे कोणी धरले नाहीत, तशीच ती शिकत राहिली, माझं तोंड बघत, माझं थोटुक धरून. हे मला तेव्हा बोलायचं होतं. वाफ काय ती तोंडातून निघाली, शब्द निघाला नाही. शेवटी म्हणालो, "यांच्यात याला मीठ लावत नाहीत वाटतं."

"नाही," ती म्हणाली.

माणसाची लायकी अशा वेळी कळते.

त्यांचं नवं वर्ष जवळ आलं. गल्लीत लाल कंदील लागले. मला आपले आकाशकंदीलच वाटले, फक्त करंज्यांचा वास नव्हता. मास्तरने रूपाला रीतसर शिष्य करून घ्यायचं ठरवलं. त्यांच्यात त्याचा विधी असतो. शिष्याने गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चहा द्यायचा. गुरूने तो प्यायला की झाला शिष्य. आणि माणूस आधी दुसऱ्या कोणाकडे शिकलेला असेल, तर त्या पहिल्या गुरूची परवानगी लागते. ही रीत मला आवडली. आपल्याकडे पोरं न सांगता दुसऱ्या व्यायामशाळेत जातात.

मास्तरच्या घरात दोन खोल्या. भिंतीवर त्याच्या गुरूचा फोटो, खाली संत्री ठेवलेली. सहा-सात जुने शिष्य ओळीने उभे. मला मास्तरच्या शेजारची खुर्ची दिली. मला वाटलं, बाप म्हणून दिली असेल. मग मास्तर माझ्याकडे वळून ओरडून काही बोलला.

रूपाने सांगितलं, "ते विचारतात, हिची पहिली काठी तुमची आहे. तुमची परवानगी आहे का?"

हो म्हटलं की झालं असतं. एवढ्या लांब, माझं नाव ज्यांना ठाऊक नाही अशा माणसांत मला वस्तादाचा मान मिळत होता. मला मान आवडतो, ते मी आधीच सांगितलंय. पण ही चोरी झाली असती. दुसऱ्याने विणलेल्या ताग्यावर आपला शिक्का मारल्यासारखी.

मी म्हटलं, "त्यांना सांग. मी हिला शिकवलेलं नाही. ही दारात आली होती, मी परत पाठवली. पोरं हसली, मी हसू दिलं. ते माझं चुकलं. हिला जे आलं ते हिने वरून बघून घेतलं, ते हिचं आहे. मी परवानगी देणारा कोण?"

रूपा माझ्याकडे बघत होती. "हे सगळं सांगू?"

"सगळं. एक शब्द गाळू नकोस."

ती सांगायला लागली. मध्ये एकदा थांबली, पुन्हा लागली. मास्तरने कान पुढे केला, हात हलवला: ऐकू आलं नाही, मोठ्याने. बहिऱ्या माणसाला हळू काही सांगता येत नाही. सात माणसांच्या देखत माझ्या मुलीला माझी चूक दुसऱ्यांदा, ओरडून, अगदी पहिल्यापासून सांगावी लागली. मी खुर्चीच्या दांड्या धरून बसलो होतो. एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला. पण ती पूर्ण बोलली.

मास्तरने चहाच्या कपाला हात लावून बघितला. मग दोनच शब्द बोलला.

"ते म्हणतात, चहा गार होतोय," रूपाने नाक पुसत सांगितलं. "आधी तुम्हाला."

ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी कप वर धरला. मी घेतला. बिनदुधाचा, कडवट चहा. अर्धा प्यायलो. उरलेला अर्धा मास्तरच्या पुढे धरला. गिरणीच्या कँटीनमध्ये आम्ही असंच करायचो. ज्याच्या शेजारी साचा चालवायचा त्याच्याबरोबर एक चहा अर्धा-अर्धा. एका कपाचे दोघं झालो, असं त्यात असतं. त्यांच्यात उष्टा कप गुरूला देत नाहीत, हे मला नंतर कळलं. शिष्यांमध्ये कुजबुज झाली. रूपाने डोळे मिटून घेतले होते. मास्तरने कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं, हातांनी धोटा इकडून तिकडे नेला, आणि उरलेला चहा संपवला.

घरी जाताना मी विचारलं, "तू नक्की काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी तर थोडक्यात सांगितलं होतं. तू केवढा वेळ बोलत होतीस."

"चिनी भाषेत जरा लांबतं, बाबा."

मला अजून ते खरं वाटत नाही. तिने त्यात तिचं काहीतरी घातलं असणार. पण पुन्हा विचारलं नाही. तेवढी जागा तिची.

काळाचौकीला परत आलो तेव्हा हिने गुडघा चोळत विचारलं, "बोललास काय चेडवाशी?"

"बोललो."

"काय बोललास?"

"चिनीतून बोललो. तुला नाही कळायचं."

ही बराच वेळ हसत होती. मग छताशी टांगलेल्या धुण्याच्या काठीकडे बघून म्हणाली, "मी ती काठी टाकूक नाय ती कित्याक, आता कळला?" काठीच्या एका बाजूला, बरोब्बर डावा हात पडेल तिथे, बांबू गुळगुळीत झालेला. मी रोज तिच्याखालून अंघोळीला जायचो.

त्याला आता काही वर्षं झाली. रूपा अजून तिकडेच आहे, वर्ग मोठा झालाय, मास्तर थकलाय. आमच्या व्यायामशाळेत मी मुलींचा वर्ग सुरू केला. सुरू केला म्हणजे भांडलो, चार लोकांशी बोलणं तोडलं, मग सुरू झाला. दोन वर्षांनी त्याच चार लोकांनी माझा सत्कार ठरवला. मी म्हटलं, "ठेवू नका."

"का वस्ताद? पहिला मुलींचा वर्ग तुमचा."

"वर्ग पहिला असेल. पहिली मुलगी मी परत पाठवलीय. शाल कसली घेऊ?"

ते म्हणाले, म्हातारा हट्टी आहे. आहेच.

आणखी एक बदल केला, तो कोणाला फारसा पटलेला नाही. शिकवताना मी पोरांकडे पाठ करून उभा राहतो. नवीन पोरं गोंधळतात. म्हणतात, "वस्ताद, आम्ही इकडे आहोत."

"ठाऊक आहे. पाठीकडे बघा."

पाठीकडून बघितलं की उजवा तो उजवाच राहतो. पटांगणातल्या पोरांचे हात मी धरू शकतो. वरच्या गॅलऱ्यांतून कोण बघत असेल त्याला निदान सरळ दिसावं. म्हणून मी चाळीकडेही पाठ करतो आणि पोरांनाही चाळीच्याच बाजूला उभं करतो. बागेतल्या त्या उलटं चालणाऱ्या म्हाताऱ्यांसारखं होतं कधीकधी. वाटतं, पाठीला डोळे असते तर.

या रविवारी थंडी पडली तेव्हा रूपाचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचं वेगळंच ॲप असतं, ते खालच्या पोराने फोनवर लावून दिलंय. मी फोन व्यायामशाळेच्या पायरीवर टेकवला. ती बागेत होती, गळ्याभोवती मफलर, हातात पांढरी काठी. म्हणाली, "करू या का, बाबा? सलामीपासून."

मी फोनकडे पाठ करून उभा राहिलो.

"पाठ का केलीत?"

"आता सरळ शीक. उजव्याने. अजून उशीर झालेला नाही."

मागून काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाबा, मला उलटंच येतं. इकडे वळा. तोंड दिसू दे."

मी वळलो.

तिने काठी उचलली, मी उचलली. माझा उजवा, तिचा डावा. दोघांचे अंगठे सरळ. तिकडे तिच्या तोंडातून वाफ निघत होती. सलामीच्या आधी मीही तोंड उघडून हा करून बघितलं. इकडे काही निघाली नाही. मग आम्ही पहिला पवित्रा घेतला.